दर कशावर लावला आहे?

घर बांधायला काढलेला माणूस कंत्राटदाराच्या कोटेशनमधली शेवटची ओळ आधी वाचतो. तिथे एकूण रक्कम असते. दोन-तीन कोटेशने हातात असली की त्यांतली सर्वांत लहान रक्कम त्याला आवडते. यात नवल काही नाही. प्रॉव्हिडंट फंड, पतपेढीचे कर्ज आणि घरातले दागिने यांची बेरीज करून तो तिथवर आलेला असतो. बांधकामाची मोजमापे आणि बिले तपासणे हा माझा व्यवसाय. तेव्हा श्रोतेहो, माझी पहिली सूचना अशी, की ती शेवटची ओळ थोडा वेळ हाताखाली झाका आणि दर कोणत्या मापावर लावला आहे ते शोधा.

आपल्याकडे लहान घरांचे काम बहुतेक वेळा चौरस फुटाच्या भावाने ठरते. "मालासकट इतके रुपये फूट," एवढ्यावर बोलणे होते आणि चहा येतो. पण हा फूट कशाचा? आतल्या वापरायच्या जागेचा, बाहेरच्या भिंती धरून, की स्लॅबचा? समजा, घर बाहेरून २५ फूट बाय ४० फूट आहे. म्हणजे १,००० चौरस फूट. पावसासाठी स्लॅब चारी बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर काढला, तर त्याचे माप २९ बाय ४४, म्हणजे १,२७६ चौरस फूट होते. आता एक कंत्राटदार बाहेरच्या भिंतींच्या मापावर २,००० रुपये दर मागतो आणि दुसरा स्लॅबच्या मापावर १,७००. ऐकायला दुसरा तीनशे रुपयांनी स्वस्त. हिशेब मात्र पहिल्याचा २० लाख होतो आणि दुसऱ्याचा २१ लाख ६९ हजार २००. यात फसवाफसवी नाही. दोन्ही पद्धती चालतात. कोटेशनमध्ये 'क्षेत्रफळ' एवढाच शब्द लिहिलेला असतो, भांडण तिथून सुरू होते. म्हणून नकाशाची एक प्रत काढा, मोजायची हद्द तिच्यावर लाल रेघेने आखा, गॅलरी पूर्ण धरायची की निम्मी, जिना एकदा मोजायचा की प्रत्येक मजल्यावर, हे बाजूला लिहा आणि त्या नकाशावर दोघांच्या सह्या घ्या.

दुसरे माप ब्रासचे. वाळू, खडी, मुरूम मोजताना एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गिलावा किंवा फरशी मोजताना तोच ब्रास १०० चौरस फुटांचा होतो. शब्द एक आणि मापे दोन, त्यामुळे नवखा माणूस गोंधळतो. वाळूची गाडी आली तर हौद्याची लांबी, रुंदी आणि भरलेली उंची फुटांत मोजा, गुणाकाराला शंभराने भागा, की ब्रास निघाले. ड्रायव्हर सांगतो त्यावर जाऊ नका.

आता जे लिहिलेले नसते त्याकडे वळू. माझ्या मते खरा खर्च तिथे दडलेला असतो. पाया किती खोल धरला आहे? "पाच फुटांपर्यंत" असे लिहिले असेल आणि तुमच्या जमिनीत काळी माती आठ फूट असेल, तर उरलेले तीन फूट जादा कामात जातात. खोदताना कठीण खडक लागला तर दर कोणता? जोत्यातली भरणी कोणाकडे? वर सांगितलेल्या घराचे जोते एक फुटाने उंच घेतले तर जवळजवळ दहा ब्रास मुरूम वाढतो, आणि दबून बसतो तो वेगळा. सेप्टिक टँक, पाण्याचा हौद, वरची टाकी, गच्चीचा कठडा, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, कंपाउंड, कामावरचे पाणी आणि वीज, यांतले काय दरात आहे आणि काय नाही, हे एकेक नाव घेऊन विचारा. 'इत्यादी' या शब्दावर समाधान मानू नका. 'किंवा तत्सम' हेही असेच एक फसवे वळण. नळ अमुक कंपनीचे 'किंवा तत्सम' म्हटले की तत्सम कोणी ठरवायचे? फरशी चौरस फुटाला अमुक रुपयांपर्यंत धरली असेल, तर ती किंमत दुकानातली की वाहतूक आणि करासह, तेही लिहून घ्या.

काही कंत्राटदार कामवार दर देतात: काँक्रीट घनमीटरवर, स्टील किलोवर, गिलावा चौरस मीटरवर. असा कागद लांबलचक असतो आणि मालक कंटाळतात. मला विचाराल तर तो लांब कागद देणारा माणूस जास्त भरवशाचा. त्याचे दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीशी ताडून पाहता येतात. स्टीलचे वजनही घरबसल्या पडताळता येते. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि १६२ने भागा. एक मीटर सळईचे वजन किलोत मिळते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ८८९ ग्रॅम भरते, १२ मीटरचा अख्खा नग साडेदहा किलोंच्या थोडा वर. बिलात थोडाफार फरक चालतो, भरमसाट नाही.

गिलाव्यात एक गोष्ट कंत्राटदाराच्या बाजूने सांगायला हवी. भारतीय मानकाच्या मोजणी-पद्धतीत अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे भोक वजाच करत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरचे दार-खिडकी असेल आणि दोन्ही अंगांना सारखाच गिलावा असेल, तर एकाच अंगाची वजावट होते, कारण कडांच्या गिलाव्याची मेहनत त्यातच धरलेली असते. तेव्हा तीन बाय सातचे दार दोन्हीकडून वजा केले नाही म्हणून त्याला चोर ठरवू नका.

कराचे थोडक्यात. स्वतःच्या एकट्या घरासाठी फक्त मजुरीचा ठेका दिला तर त्या मजुरीवर जीएसटी माफ आहे; मालासकट दिला तर नोंदणीकृत कंत्राटदार १८ टक्के लावतो. हा कर दरात धरला आहे की वर लागणार आहे, ते विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीचे कोटेशन हातात असेल तर नवे मागवा.

उरला पैसे देण्याचा तक्ता. स्लॅब पडला की घर झाले असे वाटते, पण गिलावा, फरशी, दारे-खिडक्या, नळ, वीज, रंग एवढे सगळे बाकी असते. स्लॅबपर्यंतच तीन-चतुर्थांश रक्कम मागणारा तक्ता असेल तर तो बदलून घ्या. पुढे काम रखडले तर तुमच्या हातात काही राहत नाही. जादा कामाचे दर आजच ठरवा आणि प्रत्येक जादा काम करण्याआधी वहीत लिहून सही घ्या. प्रत्येक बिलातून पाच टक्के अनामत कापायची, आणि गच्ची व बाहेरच्या भिंती एक पावसाळा काढेपर्यंत ती द्यायची नाही, हेही त्याच कागदावर आले पाहिजे. कंत्राटदार कुरकुर करील. पण चांगले काम करणारे बहुतेक जण शेवटी मान्य करतात.