दिवसाचें काम आटोपल्यावर

(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागें वळून पाहावें व उपकारस्तुति करावी, हें योग्यच आहे. आणि तें काम माझ्याआधीं बोललेल्या वडीलधाऱ्यांनीं उत्तम केलें आहे. मला नेमून दिलेला विषय मात्र पुढचा आहे. ज्यांचें शिक्षण अर्ध्यावर तुटलें अशा प्रौढ स्त्रीपुरुषांनीं, पोटाचा उद्योग न सोडतां, कॉलेजचें शिक्षण कसें घ्यावें?

अशीं माणसें शोधावयास चांदवडाबाहेर जावयास नको. दहावी होतांच लग्न होऊन सासरीं आलेली सून, बाप अंथरुणाला खिळला म्हणून पुस्तकें ठेवून शेताच्या बांधावर उभा राहिलेला थोरला मुलगा, बाजार समितीच्या आवारांत कांद्याच्या वजनांचा हिशेब लिहिणारा तरुण, हीं सारीं आपल्याच बाकांवर बसलेलीं आहेत. “आतां काय शिकायचें वय राहिलें?” असें तीं म्हणतात. पण हें वाक्य बहुधा त्यांचें स्वतःचें नसतें. कोणी तरी त्यांना तें पुन्हां पुन्हां ऐकवलेलें असतें.

शाळा सकाळीं अकराला भरावी व सायंकाळीं पांचला सुटावी, हा कांहीं ईश्वरी नियम नव्हे. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनीं १८५५ सालीं पुण्यांत शेतकऱ्यांकरितां व मजुरांकरितां रात्रीची शाळा काढली. दिवसा ज्याच्या हातीं नांगर, त्याच्या हातीं पाटी रात्रींच येऊं शकते, एवढी साधी गोष्ट त्यांनीं ओळखली होती. पुढें १९४६ सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलें, तेव्हां तेथील वर्ग सकाळीं लवकर ठेवले. हेतु हा कीं, विद्यार्थ्यानें शिकून मग कचेरीची वाट धरावी. घड्याळ कोणाच्या सोयीनें लावावयाचें हा न्यायाचा प्रश्न आहे, असें माझें मत आहे.

आपल्या कॅथलिक इतिहासांतील एक उदाहरण या ठिकाणीं सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. कॅनडांत नोव्हा स्कोशिया नांवाचा प्रांत आहे. तेथील कोळी, शेतकरी व खाणकामगार दारिद्र्यानें गांजलेले होते. मासा कोळ्यानें पकडावा आणि भाव मात्र व्यापाऱ्यानें ठरवावा, अशी स्थिति होती. (कांदा पिकविणाऱ्यांस हें अधिक उलगडून सांगावयास नको.) फादर जेम्स टॉम्पकिन्स यांनीं १९२१ सालीं एक पुस्तिका छापून, विद्या लोकांपर्यंत गेली पाहिजे, असा आग्रह धरला. १९२८ सालीं अँटिगोनिश येथील सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठानें त्यासाठीं स्वतंत्र विभाग उघडला व फादर मोझेस कोडी यांस त्याचे प्रमुख नेमलें. त्यांची रीत अगदीं साधी होती. आधीं गांवाची मोठी सभा. मग शेजारच्या मूठभर माणसांचें एक अभ्यासमंडळ. तें कोणाच्या स्वयंपाकघरांत, कोठें धर्मग्रामाच्या सभागृहांत जमे, आणि आपल्याच धंद्याचें, आपल्याच कर्जाचें गणित शिके. त्या मंडळांतून सहकारी पतसंस्था निघाल्या, कोळ्यांचे स्वतःचे कारखाने निघाले. विद्यापीठ आपल्या आवारांतून उठून बंदरावर गेलें, हें त्यांतील मर्म.

योगायोग असा कीं, त्याच १९२८ सालीं येथें चांदवडांत श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली. त्या बीजांतून आज कला, वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी अशीं महाविद्यालयें उभीं आहेत. तेव्हां आपल्या गांवीं कॉलेज नाहीं, असें म्हणण्याची सोय राहिलेली नाहीं. अडचण आहे ती वेळेची. त्या अडचणीवरचा उपायहि जवळच आहे. जुलै १९८९ मध्यें स्थापन झालेलें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यांत, नाशिकास, म्हणजे येथून सुमारें ६५ किलोमीटरांवर आहे. त्याचे पहिले कुलगुरु डॉ. राम ताकवले. ज्यांनीं कॉलेजचा उंबरठा ओलांडला नव्हता त्यांच्यासाठीं या विद्यापीठानें पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढला होता, आणि त्या वाटेनें कित्येक गृहिणी व कामगार पदवीपर्यंत पोहोंचले. पुस्तकें अशीं लिहिलेलीं असतात कीं तीं वाचून आपलें आपणच शिकावें. शंका विचारावयास अभ्यासकेंद्र, व तेथें संमंत्रक.

आतां अडचणी सांगतों, कारण त्या झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. संमंत्रणाचे तास बहुधा रविवारीं असतात. तोच आपला मिस्साचा दिवस. उन्हाळ कांद्याची काढणी ज्या दिवसांत पडते त्याच्या आगेमागेच परीक्षा येतात. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्रीं पुस्तक उघडतांच झोंप लागते. आणि सर्वांत वाईट म्हणजे एकटेपण. वर्गांत शेजारी बसणारा असतो, तो आपल्याला ओढून नेतो. घरीं एकटें शिकणारें माणूस पहिल्या वर्षीं उत्साहानें नांव घालतें आणि दुसऱ्या वर्षीं गुपचूप सोडून देतें. मग कोणी ऐन परीक्षेच्या तोंडावर गाइड विकत घेऊन पाठ करतो. अशा पदवीला लोक हंसतात, आणि त्यांच्या हंसण्यांत थोडें तथ्य असतें, हें मान्य केलें पाहिजे.

म्हणून माझी या सभेस एक विनंति आहे. आपलें सभागृह लग्नांस व सणांस उपयोगी पडतें. आठवड्यांतील इतर रात्रीं त्यास कुलूप असतें. मंगळवार आणि शुक्रवार, सात ते नऊ, तें अभ्यासासाठीं उघडावें. शेजारच्या हिंदु, मुसलमान, जैन, कोणाहि शिकणाऱ्यास तेथें मज्जाव नसावा. आपल्यांत जे शिक्षक आहेत त्यांनीं महिन्यांतून एक रात्र द्यावी. वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या भगिनींना परत सोडावयास तरुण संघानें दोघांची पाळी लावावी. कारण वाटेंत अंधार आहे एवढ्यासाठीं त्यांचें नांव पटावरून जाऊं नये. ज्यांचा रविवारचा तास सकाळीं असेल त्यांच्याकरितां शनिवारीं सायंकाळीं मिस्सा ठेवतां येईल कीं काय, हें पूज्य फादरांनीं ठरवावें. तें सांगण्याचा अधिकार माझा नाहीं.

दिव्यांचा व पंख्यांचा खर्च फार नाहीं. सभा संपल्यावर दाराजवळ एक वही ठेवलेली असेल. ज्यांना शिकावयाचें आहे त्यांनीं पहिल्या पानावर, व ज्यांना शिकवावयाचें आहे त्यांनीं शेवटच्या पानावर आपलें नांव लिहावें.