उलट शब्दांची सुलट वाट



तिसरी-चौथीच्या कोणत्याही मराठी शाळेत जा आणि विचारा, ''बिग'च्या उलट काय?' सगळा वर्ग एका सुरात सांगेल, 'स्मॉल'. 'डे'च्या उलट 'नाइट', 'हॉट'च्या उलट 'कोल्ड'. आता विचारा, ''काइंड'च्या उलट काय?' वर्ग गप्प होतो, कारण ही जोडी पाठ केलेल्या यादीत नसते. खरे तर ती यादीत असण्याची गरजच नाही. 'काइंड'च्या आधी 'अन' लावला की 'अनकाइंड' तयार. हा शब्द मुलाला स्वतः घडवता येतो.

महाराष्ट्रात पूर्वी पाचवीपासून शिकवले जाणारे इंग्रजी २००० साली पहिलीपासून आले. ज्यांच्या घरात इंग्रजीचे एक वाक्यही बोलले जात नाही, अशी लाखो मुले तेव्हापासून ही भाषा शिकत आहेत. त्यांच्यापुढे प्रत्येक शब्द सुटा पाठ करण्याचाच मार्ग ठेवला, तर इंग्रजी हे न संपणारे ओझे होते आणि चौथीपर्यंत 'मला नाही जमणार' हे मनात पक्के बसते. शब्द घडवण्याची किल्ली हाती आली तर तेच मूल धीट होते. म्हणून उपसर्गांचा हा छोटासा धडा महत्त्वाचा.

सुरुवात मराठीतून करा. शक्य-अशक्य, न्याय-अन्याय, आदर-अनादर, उचित-अनुचित या जोड्या फळ्यावर लिहा. पुढे व्यंजन असेल तर 'अ', स्वर असेल तर 'अन्', हे मुले स्वतः शोधून काढतात. मग इंग्रजीतला 'अन' त्यांना परका वाटत नाही. तो परका नाहीच. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात सांगितले. पुढे अभ्यासकांनी हे नाते पक्के केले. आपला 'अन्', इंग्रजीचा 'अन' आणि लॅटिनमधून आलेला 'इन' ही एकाच घरातली भावंडे आहेत. 'अज्ञात' आणि 'अननोन' हे शब्द तर दोन्ही अंगांनी नातलग, कारण 'ज्ञा' आणि 'नो' यांचे मूळही एकच.

पहिल्या आठवड्यात फक्त 'अन' घ्या. हॅपी, सेफ, क्लीन, लकी, फेअर अशी कार्डे करा. एक मूल 'अन'चे कार्ड घेऊन प्रत्येक शब्दाच्या डावीकडे उभे राहील. नवा शब्द वाचला की त्याचे छोटे वाक्य झालेच पाहिजे. वाक्याविना शब्द म्हणजे दप्तरात पडून राहिलेली पेन्सिल.

मग क्रियापदे. इथे 'अन'चा अर्थ थोडा वळतो. 'अनटाय' म्हणजे न बांधणे नव्हे, तर बांधलेले सोडणे. 'अनफोल्ड' म्हणजे घातलेली घडी उलगडणे. हे समजावून सांगण्यापेक्षा करून घ्या. बुटाची नाडी बांधा आणि सोडा, रुमालाची घडी घाला आणि उलगडा, कुलूप लावा आणि काढा. हात जे करतात ते मुलांच्या लक्षात राहते.

यानंतर 'इन'. तो पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो. 'पॉसिबल'चे 'इम्पॉसिबल', 'बॅलन्स'चे 'इम्बॅलन्स', 'मॅच्युअर'चे 'इम्मॅच्युअर'. नियम पाठ करून घेण्याआधी मुलांना 'आंबा' आणि 'अंत' हे शब्द सावकाश म्हणायला सांगा. आंब्याच्या अनुस्वाराला ओठ मिटतात, 'अंत'च्या अनुस्वाराला मिटत नाहीत. प, ब, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात, म्हणून त्यांच्या आधीचा 'न' आपोआप 'म' होतो. जे तोंड मराठीत हे रोज करते, त्याला इंग्रजीत ते कठीण का जावे? 'लीगल'चे 'इल्लीगल' आणि 'रेग्युलर'चे 'इर्रेग्युलर' यांतही तेच. आपल्या 'उत्' आणि 'लास' यांचा 'उल्लास' होतो, तसेच. मात्र 'अन' कधी बदलत नाही. 'पॉप्युलर'चे 'अनपॉप्युलर'च होते.

स्पेलिंगची निम्मी भीतीही इथेच जाते. उपसर्ग आधी ठेवायचा, मूळ शब्दातले एकही अक्षर गाळायचे नाही. म्हणून 'अननेसेसरी'च्या आरंभी एन दोनदा, 'मिसस्पेल'मध्ये एस दोनदा, पण 'डिसअपिअर'मध्ये एस एकदाच.

'डिस' आणि 'मिस' यांतला फरकही मराठीच्या आधाराने दाखवा. 'डिसलाइक' म्हणजे नावड. 'मिसअंडरस्टँड' म्हणजे न समजणे नव्हे, चुकीचे समजणे. आपला 'गैरसमज' हुबेहूब तसाच आहे.

काही ठिकाणी मात्र सावध राहावे. 'अंकल'मध्ये 'अन' नाही, जसा 'अजगर'मध्ये नकार नाही. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, तर अमूल्य. पेट्रोलच्या टँकरवर दिसणारा 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारे असे कोणी समजले तर जिवावर बेतेल. त्याचा अर्थ सहज पेट घेणारे असाच आहे. तिथला 'इन' नकाराचा नाही. म्हणून अर्थ वाक्यात तपासण्याची सवय लावा. शिवाय नकार आणि विरुद्ध हे नेहमी एक नसतात. 'नॉट टॉल' म्हणजे 'शॉर्ट' असेलच असे नाही. मध्यम उंचीची मुले वर्गात पुष्कळ असतात.

एखादे मूल 'गुड'च्या उलट 'अनगुड' सांगेल. वर्ग हसेल. तुम्ही हसू नका आणि लाल फुलीही मारू नका. त्या मुलाने पाठ केलेले सांगितलेले नाही, नियम पकडून शब्द घडवला आहे. त्याला विचारा, 'मराठीत आपण 'अचांगला' म्हणतो का?' नाही, कारण 'वाईट' हा शब्द आधीच आहे. तसा इंग्रजीत 'बॅड' आहे. मुलाला कारण कळते आणि त्याचे धाडसही शाबूत राहते.

आपल्या शाळांमध्ये एक शब्द फार चालतो, 'नापास'. 'ना' फारसीतून आलेला, 'पास' इंग्रजीतला आणि जोडणारे आपण. कोणतेही व्याकरण पुस्तक न उघडता मराठी माणसाने दोन भाषांतून हा शब्द घडवला आणि खेडोपाडी रुजवला. शब्द जोडण्याची ही हातोटी आपल्या मुलांकडे उपजतच आहे. इंग्रजीच्या तासाला ती बाहेर काढू द्या, म्हणजे तो 'नापास' शब्द वापरण्याची वेळ कमी येईल.