घरी सोडल्यानंतरचा उपचार

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनाच्या सभेत प्रशासनाच्या वतीने करण्यात आलेले भाषण)



वर्षभरात किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया झाल्या, कोणती यंत्रसामग्री नव्याने आली, याचा हिशेब प्रशासनाने वर्धापनदिनी द्यावा असा प्रघात आहे. ती आकडेवारी अहवालाच्या पुढील पानांवर दिलेली आहे. आज आम्हांस आपले लक्ष अशा एका विषयाकडे वेधावयाचे आहे, ज्याची नोंद आमच्या कोणत्याच रजिस्टरात होत नाही. तो विषय म्हणजे रुग्णास घरी सोडल्यानंतरचे दिवस.

आम्ही प्रशासनातील माणसे वैद्य नव्हेत. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि काम जमाखर्चाचे. औषधोपचाराविषयी अधिकारवाणीने बोलावे ते डॉक्टरांनीच. परंतु बिलाच्या खिडकीपाशी जे बोलणे रोज कानी पडते, ते तपासणीच्या खोलीपर्यंत क्वचितच पोहोचते. डिस्चार्ज कार्ड हाती पडताच विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "साहेब, सोमवारपासून कामावर जाता येईल ना?" विचारणारा कधी गवंडी असतो, कधी शेतमजूर, कधी चार घरची धुणीभांडी करणारी भगिनी. कार्डावर डॉक्टरांनी 'विश्रांती' असा शब्द लिहिलेला असतो. गोळ्या कोठे मिळतात हे सर्वांना ठाऊक असते. विश्रांती कोठे मिळते, हे मात्र कोणीच सांगत नाही.

आपल्या भाषेत 'दुखणे अंगावर काढणे' असा वाक्प्रचार आहे. तो पुष्कळदा कौतुकाने वापरला जातो, आणि घरातील कर्त्या स्त्रीविषयी तर हमखास. "ताप होता, पण तिने कुणाला कळूसुद्धा दिले नाही," असे आपण अभिमानाने सांगतो. वास्तविक, जे कळू दिले नाही तेच पुढे बळावते आणि रुग्णालयात आणावे लागते.

असे असले, तरी विश्रांतीचे शहाणपण आपल्याला परके नाही. बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची रीत घरोघरी होती. मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला हवापालटासाठी पाठवीत. त्याला एकदम पोळीभाजी न देता आधी पेज, मग मुगाचे कढण, मग मऊ भात अशा क्रमाने जेवणावर आणीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तर एक संपूर्ण अध्याय शरीराच्या नैसर्गिक वेगांविषयी आहे. अडवू नयेत अशा तेरा वेगांची यादी त्यात दिली आहे. मलमूत्र, शिंक, जांभई यांच्या जोडीला भूक, तहान, झोप, अश्रू आणि श्रमाने लागलेली धापही त्या यादीत आहे. थकल्यावर लागलेली धाप दाबू नये, हे सांगणे आजही तितकेच खरे आहे.

मग शरीराचे ऐकावे म्हणजे नेमके काय करावे? आमच्या डॉक्टरांशी व परिचारिकांशी वेळोवेळी झालेल्या चर्चेतून ज्या गोष्टी समजल्या, त्या आपणांसमोर मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, आजारातून उठलेले शरीर श्रमाचा हिशेब त्याच दिवशी देत नाही. विशेषतः विषाणुजन्य तापानंतर आज बरे वाटले म्हणून माणूस दिवसभर काम करतो आणि दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळतो. कोविडच्या साथीनंतर हा अनुभव असंख्य कुटुंबांनी घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या रेंगाळणाऱ्या आजाराची व्याख्या प्रसिद्ध केली, तेव्हा त्याच्या प्रमुख लक्षणांत थकवा आणि धाप यांचा समावेश होता. तेव्हा शक्ती संपेपर्यंत काम करून मग बसणे योग्य नव्हे; शक्ती शिल्लक असतानाच थांबावे. आज जेवढे सहज झाले आणि उद्या सकाळी ज्याचा त्रास जाणवला नाही, तेवढेच आपले माप समजावे आणि ते हळूहळू वाढवावे.

दुसरी गोष्ट, काही खुणांकडे कदापि दुर्लक्ष करू नये. छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, भोवळ येणे, ताप उलटणे, जखमेतून पू येणे, पोटरी सुजून दुखू लागणे या खुणा दिसल्यास घरी विश्रांती घेत बसण्यात वेळ दवडू नये, तातडीने रुग्णालय गाठावे. डेंग्यूच्या बाबतीत तर ताप उतरतो तोच काळ जपण्याचा असतो. ताप उतरताना पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा विलक्षण ग्लानी दिसली, तर तो बरे होण्याचा टप्पा समजू नये.

तिसरी गोष्ट या दोन्हींहून नाजूक आहे. शरीर नेहमीच पुरते खरे सांगते असे नाही. क्षयरोगाचे औषध सुरू झाले की काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढते आणि रुग्णास आपण बरे झालो असे वाटू लागते. जंतू मात्र शरीरात शिल्लक असतात. म्हणूनच औषधांचा क्रम, जो नेहमीच्या क्षयरोगात साधारण सहा महिन्यांचा असतो, डॉक्टर सांगतील तोपर्यंत पूर्ण करावा लागतो. रक्तदाब आणि मधुमेह हे विकार तर पुष्कळदा काहीच बोलत नाहीत. तेव्हा विश्रांती किती घ्यावी हे शरीराला विचारावे. औषध केव्हा थांबवावे हे डॉक्टरांनाच विचारावे.

येथे आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. विश्रांती म्हणजे खाटेवर पडून राहणे नव्हे. एके काळी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णास कित्येक आठवडे निजवून ठेवीत असत. १९५२ साली सॅम्युएल लेव्हाईन आणि बर्नार्ड लाउन या अमेरिकन डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवून पाहिले आणि त्यांना ते मानवते असे दाखवून दिले. दीर्घकाळ पडून राहिल्याने स्नायू क्षीण होतात, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, वृद्धांना अंथरूणव्रण होतात. म्हणूनच आज आमच्या परिचारिका शस्त्रक्रियेनंतर रुग्णास शक्य तितक्या लवकर उठवून बसवितात आणि चार पावले चालवितात. नातेवाईकांना ते निष्ठुरपणाचे वाटते. तो उपचाराचाच भाग आहे.

ही चार पावले कोठे टाकावीत, हा प्रश्न आम्हांस निसर्गाकडे घेऊन जातो.

महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात असताना जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया कर्नल मॅडॉक यांनी केली. फेब्रुवारीत त्यांची सुटका झाली. देशभरातील कामे त्यांची वाट पाहत होती. तरीही ते प्रकृती सुधारण्यासाठी जुहूच्या समुद्रकिनारी जाऊन राहिले, आणि लेखन-संपादनाचे काम त्यांनी तेथे राहूनच हळूहळू हाती घेतले. १९४४ साली आगाखान पॅलेसमधून सुटल्यावरही ते प्रथम जुहूला आणि पुढे पाचगणीला राहिले. ज्यांच्या अंगावर इतका भार होता, त्यांनीही बरे होण्यासाठी वेळ दिला, हे आपण लक्षात घ्यावे.

समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवरील त्याच पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. मिरजेजवळ वानलेसवाडीसही असेच आरोग्यधाम होते. क्षयावर गुणकारी औषध नव्हते, त्या काळात स्वच्छ हवा, पौष्टिक अन्न आणि विश्रांती एवढाच आधार होता. पुढे औषधे आली आणि १९५६ पासून मद्रास येथे झालेल्या प्रसिद्ध अभ्यासाने दाखवून दिले की, दाटीवाटीच्या घरात राहून, साधे अन्न खाऊन नियमित औषध घेणारे रुग्णही आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात. हवा औषधाची जागा घेऊ शकत नाही, हा या अभ्यासाचा धडा आहे आणि तो आम्ही विनम्रपणे मान्य करतो. निसर्गाच्या नावाखाली औषध सोडण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो मानू नये.

परंतु औषध चालू असताना झाडे, उजेड आणि मोकळी हवा यांचे काहीच मोल नाही, असेही नव्हे. रॉजर उलरिख या संशोधकाने १९८४ साली एक छोटा, परंतु विचार करावयास लावणारा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वय, प्रकृती इत्यादी बाबतींत जुळणाऱ्या २३ जोड्या निवडल्या. प्रत्येक जोडीतील एका रुग्णाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्णांची संख्या लहान होती, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करू नयेत. तथापि खाट तीच, शस्त्रक्रिया तीच आणि खिडकीबाहेरच्या दृश्यामुळे फरक पडू शकतो, हे कोणत्याही रुग्णालयाच्या प्रशासनाने ध्यानी ठेवावे असेच आहे.

यासाठी प्रत्येकाने महाबळेश्वरला जावयास हवे असे नाही. अंगणातील कडुनिंब, गावातील वडाचा पार, शेताचा बांध, चाळीच्या गच्चीवरील तुळशीची कुंडी एवढेही पुरते. सकाळच्या कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून अर्धा तास बसावे. हातात मोबाइल नसावा. पाखरांचा आवाज कानी पडावा, वाऱ्याची झुळूक अंगावर यावी. अशा वेळी श्वास संथ झाला की कोठे दुखते, किती थकवा आहे, भूक लागली आहे काय, हे आपोआप उमगते. गजबजाटात शरीर बोलत असते, पण ते आपल्याला ऐकू येत नाही. दम्याच्या रुग्णांनी धूळ व परागकण यांपासून, आणि सर्वांनीच सायंकाळी डासांपासून जपावे, एवढी काळजी मात्र घ्यावी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे सारे ऐकून तो गवंडी म्हणेल, "साहेब, पटते, पण पंधरा दिवस बसलो तर खायचे काय?" संघटित क्षेत्रातील कामगारास कर्मचारी राज्य विमा योजनेतून आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळू शकतो. रोजंदारीवरील माणसाच्या हाती असे काही नसते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. ही योजना आम्ही पाळतो आणि पाळत राहू. पण तिची मदत रुग्णालयाच्या बिलापाशी संपते. बिल शून्य झाले तरी घरी गेल्यावर चूल पेटावयाचीच असते. तिसऱ्या दिवशी पाट्या उचलावयास गेलेला रुग्ण टाके उसवून परत येतो, तेव्हा आपले मोफत उपचारही पुन्हा करावे लागतात. जमाखर्चाच्या दृष्टीनेही हा व्यवहार तोट्याचा आहे.

म्हणून या सभेपुढे दोन विनंत्या ठेवतो. पहिली देणगीदारांस. निर्धन रुग्णास घरी सोडताना पंधरा दिवसांचा शिधा सोबत देता यावा, यासाठी एक स्वतंत्र 'विसावा निधी' उभारावा. तांदूळ, मूगडाळ, गूळ, तूप, शेंगदाणे एवढेच. पण तेवढ्याने त्या घरातील माणूस निश्चिंतपणे अंथरुणावर पाठ टेकू शकेल. लाभ कोणास मिळाला, याचा हिशेब पुढील वर्षापासून अहवालात नावाविना छापण्याची जबाबदारी आमची.

दुसरी विनंती विश्वस्त मंडळास. दक्षिणेकडील मोकळ्या जागेत वाहनतळ करण्याचा प्रस्ताव आपणांसमोर आहे. वाहनांची अडचण खरी आहे. रोज ती आम्हीच सोडवीत असतो. परंतु त्या जागेत कडुनिंब, करंज आणि बकुळीची जुनी झाडे आहेत आणि सर्वसाधारण पुरुष व स्त्री कक्षांच्या खिडक्या त्याच बाजूस उघडतात. खासगी खोल्यांची तोंडे रस्त्याकडे आहेत. म्हणजे या इमारतीत झाडे दिसतात ती नेमकी त्या रुग्णांना, ज्यांच्या घरी अंगण नाही. ती झाडे ठेवून, पश्चिमेकडील जुन्या भांडारगृहाच्या जागी वाहनतळ करता येईल काय, याचा विचार व्हावा. त्याचा अंदाजित खर्च अधिक येतो, हे आम्ही प्रस्तावासोबत स्पष्टपणे लिहून दिले आहे. तरीही तो करावा, असे आमचे मत आहे. झाडांखाली चार बाक आणि कठडा असलेली सपाट पायवाट केली, तर आमच्या परिचारिका रुग्णांना पहिली चार पावले तेथेच चालवतील.

डॉक्टरांचे कौशल्य, परिचारिकांची सेवा आणि देणगीदारांचे औदार्य यांच्या बळावर ही संस्था उभी आहे. रुग्ण दारातून बाहेर पडला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे संस्थापकांनी कधी मानले नव्हते. तीच भावना पुढे नेण्याची संधी आपणां सर्वांस मिळावी, अशी आमची प्रार्थना आहे.