अहवाल, तसबीर आणि इब्राहिम शिनासी

आज सुरुवात दोन शब्दांपासून. अहवाल आणि तसबीर. आपण रोज मराठीत वापरतो ते. मूळ अरबी असलेले हेच शब्द १८६०च्या दशकात इस्तंबूलच्या दोन वर्तमानपत्रांच्या नावांत होते: ‘तेर्जुमान-ई अहवाल’ आणि ‘तस्वीर-ई एफ्कार’. एक म्हणजे परिस्थितीचा दुभाषा, दुसरं म्हणजे विचारांची तसबीर. दोन्हींमागे एक माणूस होता, इब्राहिम शिनासी.

जन्म १८२६चा. वडील तोफखान्यात अधिकारी, रशियाबरोबरच्या युद्धात गेले. पोर तेव्हा जेमतेम तीन वर्षांचं. मोठा झाल्यावर तो तोफखान्याच्याच कचेरीत कारकून झाला, फ्रेंच शिकला आणि १८४९ मध्ये सरकारी खर्चानं पॅरिसला गेला.

तोवर तुर्की भाषेत एक वर्तमानपत्र सरकारचं होतं, दुसरं एका इंग्रजाचं. १८६० मध्ये आगाह एफेंदी आणि शिनासीनं ‘तेर्जुमान’ काढलं. तुर्की माणसाचं हे पहिलं खाजगी वर्तमानपत्र. पहिल्याच अंकात त्यानं बजावलं: लोक कर्तव्यं पार पाडतात, मग देशाच्या भल्याबद्दल बोलायचा हक्कही त्यांचाच. आणि आम्ही लिहू ते सगळ्यांना समजेल असंच.

हे सोपं नव्हतं हं. तेव्हाचं लिखाण अरबी-फारसी शब्दांनी जड झालेलं, वाक्यं संपता संपायची नाहीत. शिनासीनं वाक्यं आखूड केली. गल्लीतल्या बोलीत लिहिलेलं आपलं नाटक पेपरात छापलं. त्यात कवीला हवी असते धाकटी बहीण, गळ्यात मारतात थोरली!

१८६२ मध्ये त्यानं स्वतःचं ‘तस्वीर’ काढलं. अरबी लिपीत अक्षरं जागेनुसार रूप बदलतात, म्हणून छापखान्यात ५००हून जास्त खिळे लागायचे. त्यानं ते ११२वर आणले. म्हणजे आधी भाषा हलकी केली, मग छपाईही.

पण राज्यकारभारावर लिहिणं नडलं. १८६३ मध्ये सरकारी नोकरी गेली. १८६५ मध्ये तो पॅरिसला निघून गेला आणि जाताना पेपर सोपवला नामिक केमालकडे. वय किती? २४! पुढे हाच पोरगा तुर्कस्तानचा मोठा देशभक्त कवी झाला.

शिनासी मात्र पॅरिसमध्ये एका प्रचंड शब्दकोशात बुडाला. १८७१ मध्ये, पंचेचाळिशीत, इस्तंबूलला वारला. कोश अपुराच राहिला.

मला वाटतं, त्याचं खरं काम आधीच झालं होतं. कारभाराबद्दल लोकांना कळेल असं लिहिलं, की लोक त्याबद्दल बोलायला लागतात. सत्तेला नेमकं तेच खुपतं.