निद्रा : विद्येचा आधार

औसेकर पालकहो, ‘लातूर पॅटर्न’ने मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना परिश्रमाची शिस्त लावली, परंतु जागरणाला तपश्चर्या समजणे घातक होय. दिवसभर केलेला अभ्यास स्मृतीत दृढ होतो तो निद्रेत. चरकसंहितेने निद्रेला आहाराच्या बरोबरीने शरीराचा उपस्तंभ मानले. देहातील कालचक्राची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक लाभले. किशोरवयात ८ ते १० तास झोप आवश्यक असते. उपाय बिनखर्चाचे आहेत. उठण्याची वेळ रोज एकच असावी. सकाळच्या उजेडात फिरावे, त्याने हे चक्र जुळते. सायंकाळनंतर चहा टाळावा. निजण्यापूर्वी तासभर मोबाईल दूर ठेवावा. हा नियम प्रथम आईवडिलांनी पाळावा. घरातील दिवे वेळेवर शांत झाले, तरच मुलांचे डोळे वेळेवर मिटतील.