परसबाग हाही वर्गच : जोयडा तालुक्यात शिक्षकांचा मेळावा कशासाठी?

(कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय आहे तो असा : शाळेच्या आवारात बाग करून त्यातून मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांचा मेळावा आपल्या तालुक्यात घ्यावा. विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, मराठी शाळांचे पट उतरत आहेत, आणि आम्ही मात्र भाजीपाल्याच्या गोष्टी करतो! आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी, वाणिज्य शाखेची माणसे. शेतीचा अधिकार आम्हाला नाही. पण हिशोब मांडण्याची सवय आहे, म्हणून हा विषय हिशोबानेच आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम आपल्या तालुक्याकडे पाहू. पूर्वी याचे नाव सुपा. काळी नदीवर धरण झाले, ऐंशीच्या दशकात जुने सुपा पाण्याखाली गेले, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, कितीतरी कुटुंबे रामनगरला येऊन वसली. चहूकडे जंगल. २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. अशा या तालुक्यात कुणबी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या एक विद्या सांभाळली आहे, ती म्हणजे कंदांची. कोन, काटेकणगी, मुडली, सुरण. अलीकडच्या वर्षांत जोयड्यात हिवाळ्यात कंदांचा मेळा भरतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. बाया आपल्या परड्यातले कंद मांडून बसतात आणि बाहेरगावची शिकलेली माणसे वही काढून त्यांना नावे विचारतात.

याच बाया बचत गटाच्या कामासाठी बँकेत येतात. किती किलो विकले, काय भावाने विकले, हप्ता देऊन हातात काय उरले, हे सारे त्या तोंडी सांगतात. सोबत आलेला नातू सातवीत असतो. त्याला तोच हिशोब कागदावर मांडता येत नाही. आणि आजीला जे वेल नुसत्या पानावरून ओळखता येतात, त्यांतले निम्मे त्याला ओळखता येत नाहीत. म्हणजे शाळेने त्याला पूर्ण दिले नाही, आणि घरचे होते ते हातचे निसटले. उद्या तो कामासाठी गोव्याला जाईल. त्याच्याबरोबर काय जाईल? आमचा प्रश्न हा आहे.

आता कोणी म्हणेल, बागेतून शिक्षण हे परदेशी खूळ आहे. तसे मुळीच नाही. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची त्यांची यादी पाहा. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशोब, इतिहास, भूगोल, व्याकरण, आरोग्य, नीती, आणि त्यातच शेतीचे प्राथमिक ज्ञान. हिशोब आणि शेती त्यांनी एकाच पंगतीला बसवली. खतावणी आणि खुरपे यांत त्यांनी उच्चनीच मानले नाही.

पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. तिथे डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या आराखड्यात सूतकताई, सुतारकाम यांच्याबरोबर शेती आणि फळभाज्यांची बाग हाही शिक्षणाचा मूळ उद्योग म्हणून आला. हीच नयी तालीम. तेव्हा आपला जिल्हा मुंबई प्रांतात होता आणि प्रांताचे सरकार बाळासाहेब खेर चालवीत होते. हा आपल्याच घरचा वारसा आहे.

पण वारसा सांगताना त्यात काय बिघडले तेही सांगितले पाहिजे. नयी तालीम सेवाग्रामच्या बाहेर फारशी रुजली नाही. जिथे उद्योग राहिला आणि शिक्षण गळाले, तिथे पालक म्हणाले, कुदळ मारायची तर पोर घरीच बरे, शाळेत कशाला? हा आक्षेप आपल्याकडे दुप्पट जोराने येईल, कारण आपल्या पालकांनी आयुष्यभर कुदळच मारली आहे. पोराने ती सोडावी म्हणूनच ते त्याला शाळेत घालतात. त्यांना उत्तर एकच : कुदळीबरोबर वही असलीच पाहिजे. ज्या बागेची वही नाही ती बाग शाळेची नव्हे. आणि बागेतले एक वांगेसुद्धा गुरुजींच्या घरी जाता कामा नये. ते मुलांच्या दुपारच्या ताटात पडले पाहिजे.

वही म्हणजे काय, ते उदाहरणाने सांगतो. समजा, दहा फूट लांब, चार फूट रुंद वाफा आहे. दोन-दोन फुटांवर खड्डे धरले तर पाच-पाचच्या दोन ओळी, म्हणजे दहा खड्डे होतात. क्षेत्रफळाचा धडा इथेच झाला. प्रत्येक खड्ड्यात कोनाचा पाव किलोचा तुकडा लावला, एकूण बियाणे अडीच किलो. समजा, काढणीला वीस किलो निघाले. त्यातून अडीच किलो पुढच्या वर्षाच्या बियाण्याला बाजूला काढले, म्हणजे आठवा हिस्सा. अपूर्णांक, शेकडेवारी, गुणोत्तर सारे त्यात आले. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर बियाणे हे भांडवल आहे. जो भांडवल खातो त्याचे खाते बुडते. ही गोष्ट फळ्यावर दहा वेळा लिहून जितकी समजणार नाही, तितकी ती अडीच किलोची टोपली बाजूला ठेवताना समजते.

कंदांचे आणखी एक सोयीचे आहे. पहिल्या पावसाला, शाळा सुरू होतात त्या सुमारास त्यांची लावण होते, आणि डिसेंबर-जानेवारीत काढणी. म्हणजे पीक शाळेच्या वर्षात बसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, हा शाळेच्या बागेचा नेहमीचा अडथळा. तो इथे येतच नाही. अडचण आहे ती रानडुकराची आणि साळिंदराची. कुंपण चांगले लागेल, त्यासाठी गावकऱ्यांचे श्रमदान लागेल. बाग शाळेच्या आवारातच करावी. बाहेर पाऊल टाकले की वनखात्याचा प्रश्न उभा राहतो.

शिकवणार कोण? इथे कोसबाडची आठवण ठेवावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे ते काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. पाने, बिया, खडे हेच शिक्षणाचे साहित्य केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. अंगणवाडी हा आज देशभर चालणारा शब्द त्याच कामातून आला. त्यांचा धडा आपल्यासाठी असा : मुलाच्या घरी जे आहे तिथून सुरुवात करा. आपल्याकडे मुलाच्या घरी आजी आहे. तिला महिन्यातून एक दिवस शाळेत मानाने बोलवा. तिने लावायचे, सांगायचे. गुरुजींनी ऐकायचे आणि मुलांनी लिहून घ्यायचे.

कोणत्या भाषेत लिहायचे, हा प्रश्न येणारच. आजी कोकणीत सांगेल. मराठी शाळेतले मूल ते मराठीत लिहील आणि कंदाचे नाव मात्र आजीच्या तोंडचेच ठेवील. घटनेच्या ३५० अ कलमाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. तो हक्क आपण मागतो आणि मागत राहू. पण हक्काने शाळेची इमारत उभी राहील, भाषेत काम झाले तरच भाषा उभी राहील. ज्या भाषेत पेरणी, मोजणी आणि भांडणतंटा होतो ती जगते. जिच्यात नुसती भाषणे होतात ती व्यासपीठावरच राहते. आमचे भाषणही त्याला अपवाद नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कोणाला रुचो न रुचो. या मेळाव्याला कन्नड शाळांतील शिक्षकांनाही बोलवावे. आपलीच किती मुले आज त्या शाळांत बसतात, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या मुलांच्या आज्याही कोनच लावतात. गोव्यातील कुणबी समाजाला २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. इकडच्या बांधवांना त्याच मागणीसाठी रस्त्यावर उतरावे लागले. त्या मागणीचा जिवंत पुरावा ही कंदांची विद्या आहे. ती जपताना शाळेच्या पाटीवरची लिपी पाहून माणसे वगळली, तर नुकसान आपल्याच मुलांचे होईल.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये शाळांतील पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. म्हणजे मुख्याध्यापकांनी परवानगीसाठी घाबरण्याचे कारण नाही. उणीव आहे ती एकमेकांना विचारण्याची. एका शाळेत कुंपण कसे टिकले, दुसरीत वही कशी ठेवली, तिसरीत पालकांची समजूत कशी पटली, हे सांगायला शिक्षकांना जागाच नाही. ती जागा आपण द्यावी.

म्हणून चार सूचना मांडतो. एक, मेळावा कंदांच्या मेळ्याला जोडून, आदल्या दिवशी घ्यावा, म्हणजे गावोगावच्या बायांना दुसरी खेप पडणार नाही. दोन, भाषणे कमी ठेवावीत आणि प्रत्येक शाळेने आपली वही आणावी. तीन, येणाऱ्या आज्यांना प्रवासखर्च आणि शिक्षकांइतकाच मान द्यावा. त्यांची नुसती ओटी भरून बोळवण करू नये. चार, निरोप घेताना प्रत्येक शाळेला दहा खड्ड्यांपुरते बियाणे द्यावे, आणि ते उसने समजावे. पुढच्या वर्षी तेवढेच परत आणून नव्या शाळेला द्यायचे. व्याज माफ. या खात्याचा जमाखर्च ठेवायला आम्ही तयार आहोत.

खर्च फार नाही. मांडव, जेवण आणि दोन गाड्या. वर्गणीतून तो निघेल. ठराव मंजूर करावा ही विनंती, आणि मंजूर झाल्यावर हात वर करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावच्या शाळेत एकदा जाऊन वाफ्याला जागा कुठे आहे ते पाहून यावे, ही दुसरी विनंती.