ट्रॉली सोडताना घ्यावयाची काळजी

(गळीत हंगामापूर्वीच्या शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



ऊसतोडणीचा हंगाम तोंडावर आला आहे. आपल्यापैकी कोणी ट्रॉलीचे पाटे बदलून घेत असेल, कोणी टायर आणि बेअरिंग तपासत असेल. ट्रॉली ओढताना होणाऱ्या अपघातांविषयी आपण नेहमी बोलतो. ट्रॉली सोडताना होणाऱ्या अपघातांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, कारण ते काम दोन मिनिटांचे. पिन उपसली, ट्रॅक्टर पुढे घेतला, झाले!

माझ्या थोरल्या भावाच्या डाव्या पायाची दोन बोटे याच दोन मिनिटांत गेली. ट्रॉलीत शेणखत होते, अंधार पडू लागला होता. दांडीखाली ठेवलेला दगड निसटला आणि दांडी त्याच्या पायावर आली. ट्रॅक्टरवर मी बसलो होतो. घाई माझीच होती. म्हणून आज या साध्या वाटणाऱ्या कामाविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

प्रथम वजनाचा हिशेब समजून घ्या. दोनचाकी ट्रॉली म्हणजे एक तराजू आहे. समजा, ट्रॉलीचा हौदा १० फूट लांब आहे आणि आस मध्यापासून १ फूट मागे आहे. आसापासून हुकापर्यंतचे अंतर १० फूट आहे. हौद्यात ४,००० किलो माल सारखा पसरून भरला, तर त्याचा मध्य आसाच्या १ फूट पुढे येतो आणि हुकावर ४०० किलो भार पडतो. रिकाम्या ट्रॉलीचे वजन १,२०० किलो धरले, तर त्याचे आणखी सुमारे १२० किलो. म्हणजे पिन उपसताच ५२० किलोची दांडी खाली येते. एवढे वजन दगडावर किंवा विटांच्या थरावर सोडणे हा धोका आहे.

आता याच ट्रॉलीतील पुढचा अर्धा माल उतरवला असे समजा. मागे राहिलेल्या २,००० किलोचा मध्य आसाच्या दीड फूट मागे गेला. हा माल दांडीला ३०० किलोच्या जोराने वर उचलू पाहतो. ट्रॉलीचे स्वतःचे १२० किलो वजा केले, तरी १८० किलोचा जोर वरच्या दिशेने शिल्लक राहतो. अशा वेळी पिन काढली की दांडी उसळते आणि वाकलेल्या माणसाच्या हनुवटीवर किंवा छातीवर बसते. म्हणून अर्धवट उतरवलेली ट्रॉली कधीही सोडू नका. उतरवायचीच असेल तर माल मागून पुढे उतरवीत या किंवा ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असतानाच पूर्ण रिकामी करा.

आता सोडण्याचा क्रम पाहू.

१) जागा सपाट आणि घट्ट निवडा. ओल्या काळ्या रानात जॅक रुततो. त्याखाली दोन इंच जाडीची रुंद फळी ठेवा.

२) ट्रॅक्टर बंद करा, गिअरमध्ये ठेवा, पार्किंग ब्रेक लावा आणि किल्ली खिशात घाला.

३) ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावा. गोल दगड चालणार नाही, तो घरंगळतो.

४) जॅक खाली घेऊन दांडीचे वजन त्याच्यावर घ्या. पिन हाताने सहज फिरू लागली की वजन उतरले असे समजा. पिन घट्ट असेल तर घणाने ठोकू नका. भार अजून कोठे तरी आहे, तो आधी शोधा.

५) हायड्रोलिकचा पाइप, दिव्यांची वायर आणि साखळी काढा. पिन सर्वांत शेवटी.

६) पिन काढताना दांडीच्या बाजूला उभे राहा. दांडी ओलांडून किंवा तिच्यावर पाय ठेवून उभे राहू नका. छिद्र जुळते की नाही हे बोटाने पाहू नका. ट्रॅक्टर पुढे घेण्यापूर्वी मदतनीस समोर दिसेल अशा जागी येऊ द्या.

दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर आधी मागची सोडा. पुढची ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच असू द्या.

डंपिंग ट्रॉलीबद्दल एक सूचना. हौदा पूर्ण खाली बसवा, इंजिन बंद करा, हायड्रोलिकचा लिव्हर दोन-तीन वेळा मागे-पुढे करा आणि मगच पाइप काढा. ट्रकच्या टायरमध्ये चौरस इंचाला साधारण १०० पौंड हवा असते. हायड्रोलिकच्या तेलाचा दाब २,००० पौंडांच्या घरात जातो. बारीक छिद्रातून उडालेले तेल कातडी भेदून आत शिरते. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. तेल कातडीत शिरले तर जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही. तरीही त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठा. हळद लावून बसलात तर बोट, प्रसंगी हातही, गमवावा लागेल.

द्राक्षबागायतदारांच्या पॅकहाउसवर मोठे कंटेनर ट्रेलर येतात. त्यांचा नियमही हाच: आधी ट्रेलरचे ब्रेक, मग पाय खाली, मग हवेचे पाइप, शेवटी कुलूप. ज्या घोड्याला हवेच्या फुग्यांचे सस्पेन्शन असते, त्याचा चालक कुलूप सुटल्यावर थोडे पुढे येऊन थांबतो आणि फुग्यांतली हवा सोडतो. मागची बाजू खाली बसते आणि घोडा ट्रेलरला न उचलता, न घासता बाहेर निघतो. हे काम त्याचे आहे. आपण एवढेच पाहावे की ट्रेलरच्या पायांखाली जमीन पक्की आहे आणि घोडा काढून नेलेल्या कंटेनरमध्ये फोर्कलिफ्ट जात नाही. पुढे वजन गेले की असा ट्रेलर नाकावर कोसळू शकतो.

बंधूंनो, चांगला जॅक, चार ठोकळे आणि एक फळी, एवढेच साहित्य लागते. हे ट्रॉलीलाच बांधून ठेवा. रात्री खेप करून थकून आलेल्या माणसाला ते शोधावे लागू नये. आणि घरातील मुले पिन काढायला पुढे आली तर त्यांना प्रेमाने बाजूला करा.